भुतांच्या कपाटाचे दोन परीक्षक

शेषराव गावंडे यांनी आयुष्यात एकही भूत पाहिलं नव्हतं, आणि त्याची त्यांना मनापासून खंत होती. भुतांबद्दल छापून आलेलं मात्र त्यांच्या नजरेतून सहसा सुटत नसे. कॉलेजात असताना बसस्टँडवरच्या स्टॉलवरून पहिलं पुस्तक घेतलं तेव्हा जो नाद लागला, तो शेती मुलाच्या हाती सोपवून अकोल्यात जठारपेठेत राहायला आले तरी सुटला नाही. पुनर्जन्म, हडळ, आत्म्यांशी बोलणं, उडत्या तबकड्या, काहीही चालायचं. दिवाळीच्या साफसफाईत त्यांच्या बायकोला, पार्बताबाईंना, ही सगळी पुस्तकं गच्चीवर नेऊन उन्हात टाकावी लागत. आपल्या घरात भांडी कमी आणि भुतं जास्त आहेत, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

एका सकाळी अमरावतीहून देवराव ठाकऱ्यांचा फोन आला. देवराव राजापेठेतल्या एका जुन्या वाचनालयाचे सचिव. त्यांची अडचण मोठी गमतीची होती. वाचनालय दरवर्षी उत्तम पुस्तकाला पुरस्कार द्यायचं, आणि पुरस्कार मिळालेलं पुस्तक पुढे वर्षभर कुणी हातात धरायचं नाही. उलट कोपऱ्यातल्या भुताखेतांच्या कपाटातली पुस्तकं वाचून वाचून पार खिळखिळी झालेली. दर महिन्याला बाइंडरकडे जायची ती तीच. तेव्हा समितीतली तरुण मंडळी हट्ट धरून बसली की यंदा पुरस्कार याच कपाटातल्या पुस्तकाला द्यायचा. लोक जे वाचतात, त्यात चांगलं कोणतं आणि टाकाऊ कोणतं हे कुणीतरी नीट सांगितलं पाहिजे. परीक्षक दोन ठरले, एक भुतं मानणारा आणि एक न मानणारा. मानणारा म्हणून शेषरावांचं नाव एकमतानं आलं.

शेषरावांनी फोन ठेवला आणि ठेवणीतला कोट बाहेर काढला. पार्बताबाई म्हणाल्या, "भुतं वाचाले कोट कायले लागते?"

न मानणाऱ्या परीक्षक होत्या गीतांजली राऊत. अमरावतीच्या एका कॉलेजात त्या मानसशास्त्र शिकवत. पन्नाशीच्या आतल्या, बोलायला मोकळ्या. पहिल्याच भेटीत त्यांनी शेषरावांना काका म्हणून टाकलं, त्यामुळे भांडायचं ठरवून आलेल्या शेषरावांची थोडी पंचाईत झाली. तरी त्यांनी आपली कसोटी सांगून टाकली. वाचताना हातावरचे केस उभे राहिले पाहिजेत. राहिले तर पुस्तक चांगलं, नाही राहिले तर रद्दी. गीतांजली मॅडमनी शांतपणे विचारलं की केस तर खोट्या गोष्टीनंही उभे राहतात, मग मुखपृष्ठावर 'सर्व घटना सत्य' असं छापलंय त्याचं काय करायचं? लेखकाला हे कुणी सांगितलं, तो तिथे गेला होता का, दुसऱ्या कुणाला विचारलं का, हे नको बघायला? शेषरावांना वाटलं, या बाई सगळं कपाट झाडून बाहेर फेकणार.

पण तसं झालं नाही. मॅडमनी सगळ्यांत आधी जे पुस्तक बाद केलं, ते भुतं खोटी असतात हे सांगणारं होतं. शेषरावांना वाटलं होतं, त्यालाच त्या पहिला नंबर देतील. मॅडम म्हणाल्या, हा माणूस घरातून हलला नाही. गावोगावच्या बायाबापड्यांना त्यानं वेड्यात काढलं, आणि त्यातल्या एकीशीही दोन शब्द बोलला नाही. निष्कर्ष माझ्या पसंतीचा आहे म्हणून पुस्तक चांगलं ठरत नाही.

हे ऐकून शेषराव जरा सैल झाले. मग त्यांनीही एक पुस्तक बाद केलं. ते वाचताना त्यांना आठवलं होतं की हीच हडळ, याच हिरव्या लुगड्यात, याच शब्दांत आपल्याला कोकणातल्या एका पुस्तकात पूर्वी भेटली आहे. चोरणाऱ्यानं गावाचं नाव बदलून आपल्या मुलखातलं घातलं होतं, पण हडळ जिथे उभी राहायची ते नारळाचं बन तसंच ठेवलं होतं. काळ्या मातीत, कपाशीच्या शेजारी नारळाचं बन. दोघं इतके हसले की देवराव चहा घेऊन आत आले ते दारातच थांबले.

अशी कपाटाची बरीच छाननी झाली. शेवटी शेषरावांनी पिशवीतून आपलं लाडकं पुस्तक काढलं. 'करंजखेड्याची हाक', लेखक ओमप्रकाश काबरा. वाचनालयातली प्रत फाटून गेली होती म्हणून त्यांनी घरची आणली होती. दर्यापूरजवळच्या करंजखेडा गावातल्या एका विहिरीची ही हकिकत. सातव्या प्रकरणात पंचफुला नावाची नवी सून तिन्हीसांजेला पाणी भरायला जाते. विहिरीतून तिला मेलेल्या सासूच्या आवाजात हाक येते. ती थरथर कापते, हंबरडा फोडते, बेशुद्ध पडते, आणि तापानं झुरून झुरून महिन्याभरात जाते. तेव्हापासून विहिरीत दोन आवाज ऐकू येतात, एक सासूचा आणि एक सुनेचा. हे प्रकरण शेषरावांनी किती वेळा वाचलं असेल त्याला गणती नाही, आणि दर वेळी केस उभे राहिले होते. एकदा तर कपाशी वेचायच्या दिवसांत त्यांनी ते मजूर बायांना वाचून दाखवलं, आणि संध्याकाळी एकही बाई विहिरीकडे जायला तयार होईना.

मॅडमनीही ते वाचलं होतं. लिहिलंय छान, म्हणाल्या. मग सहज म्हणाल्या, "काका, दर्यापूर काही लांब नाही. जाऊन येऊ या का?"

शेषरावांनी पुस्तक परत पिशवीत ठेवलं. इतकी वर्षं ते पुस्तक उशाशी होतं, अकोल्याहून दर्यापूरला ते लग्नाकार्यांना शेकडो वेळा गेले असतील, पण करंजखेड्याला जावं असं कधी मनात आलं नव्हतं. आता मात्र विहीरच नसली तर, ही भीती त्यांना विहिरीतल्या आवाजापेक्षा मोठी वाटली. पण नाही म्हणावं कसं? त्यांनी होकार दिला.

ठरल्या दिवशी ते अकोल्याहून आणि मॅडम अमरावतीहून, असे दोघं दर्यापूरच्या स्टँडवर भेटले. तिथून काळीपिवळी जीपमध्ये दाटीवाटीनं बसून करंजखेड्याला पोचले. सोयाबीन निघून गेलं होतं, कपाशी फुटायला लागली होती. गावाच्या कडेला, पुस्तकात लिहिलं होतं अगदी तिथेच, विहीर होती. शेषरावांचा जीव भांड्यात पडला. विहिरीवर आता लोखंडी जाळी होती, शेजारी मोटारीची खोली होती, आणि एक म्हैस काठाला अंग घासत होती. त्यांनी वाकून आत पाहिलं. आतून गारवा आला. त्यांनी विजयी नजरेनं मॅडमकडे पाहिलं.

मग मॅडमनी पिठाच्या गिरणीवरच्या माणसाला विचारलं की पंचफुला नावाची सून या गावात कोणत्या घरची? गिरणीवाल्यानं चक्की बंद केली आणि म्हणाला, "पंचफुलाकाकू? त्या आज नाई भेटनार. बाजाराचा दिवस हाय ना. दर्यापूरले गेल्या भाजी घेऊन."

शेषरावांनी दोनदा विचारून पाहिलं की दुसरी कुणी पंचफुला आहे का. नव्हती. या नावाची बाई पंचक्रोशीत एकच, आणि ती सकाळच्या जीपनं वांगी घेऊन गेली होती.

दर्यापूरच्या बाजारात पंचफुलाबाई सापडायला वेळ लागला नाही. साठीच्या, उंच, खणखणीत आवाजाच्या. समोर वांग्यांचा ढीग, मेथी, सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या. शेषराव समोर उभे राहिले. बाई, तुम्ही वारल्या आहात, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? त्यांनी वांगी घेतली. मग मेथी घेतली. मग सांबार घेतला. पिशवी भरली तरी त्यांचं घेणं थांबेना, तेव्हा मॅडमनी त्यांच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं आणि बाईंना सगळं सरळ सांगितलं. आपण कोण, कशासाठी आलो, आणि या पुस्तकात तुमच्याबद्दल काय लिहिलंय.

"वाचा बरं," पंचफुलाबाई म्हणाल्या.

मॅडमनी भर बाजारात सातवं प्रकरण वाचायला घेतलं. शेजारच्या दोघीतिघी सरकून जवळ आल्या. एक गिऱ्हाईक पैसे द्यायचं विसरून ऐकत उभं राहिलं. पंचफुलाबाई एका हातानं मेथीची पिवळी पानं खुडत ऐकत होत्या. आपण मेलो तिथेही त्यांचा हात थांबला नाही. वाचून झाल्यावर त्यांनी मेथी खाली ठेवली. शेषरावांना वाटलं, आता बाई भांडणार, आणि त्यांचं चुकलं नाही. पण भांडण भलत्याच गोष्टीवर निघालं.

"मी मेली असं लिवलं तं लिवलं," त्या म्हणाल्या. "मानसाच्या हातून चुका होतेत. पन मी रडली असं कावून लिवलं त्यानं? म्या कवा रडली?"

मग त्यांनी खरी हकिकत सांगितली. आवाज आला होता. विहिरीतून कुणीतरी हाक मारली, त्यांच्याच नावानं. आवाज बाईचा होता, पण सासूचा नव्हता, कारण सासू तेव्हा घरी भाकरी थापत होती आणि पुढे पुष्कळ वर्षं जगली. पंचफुला नवी सून होती, घरात कामाचा डोंगर होता, आणि त्यात ही थट्टा. तिनं बादली जोरात आत सोडली, काठावर ओणवं होऊन दोन कचकचीत शिव्या हासडल्या, आणि कोण असशील ते वर ये म्हणून दम दिला. कुणी आलं नाही. तिनं पाणी भरलं आणि घरी गेली. ताप आला होता हेही खरं, पण तो त्याआधी पावसाळ्यात, हिवतापाचा, आणि गोळ्यांनी गेला.

"आनखी एक," त्या म्हणाल्या. "हा लेखक आमच्या घरी आलता. गोरासा, खांद्याले झोळी. सासऱ्यापाशी बसला, अख्ख्या गावाले विचारत फिरला. मले काई नाई विचारलं. अन् चहा म्याच देला होता त्याले."

शेजारच्या बाया हसता हसता एकमेकींच्या अंगावर पडल्या. गीतांजली मॅडमही हसल्या, पण मग त्यांनी विचारलं की तो आवाज कोणाचा होता असं तुम्हाला वाटतं? पंचफुलाबाईंनी मेथीची जुडी बांधली.

"मले नाई माईत, बाई. लय वेळा इचार केला. नाई समजलं."

परतीच्या बसमध्ये शेषराव मांडीवर वांगी घेऊन बसले होते. पहिल्यांदा त्यांना काबऱ्यांचा राग आला. मग स्वतःची लाज वाटली, कारण मजूर बायांना घाबरवलं होतं ते आपणच. पण बस मूर्तिजापूरच्या पुढे गेली तसं त्यांना निराळंच काहीतरी सतावायला लागलं. बाजारात ऐकलेली गोष्ट पुस्तकातल्या गोष्टीहून कितीतरी चांगली होती. भुताला शिव्या देऊन पाणी भरून घरी जाणारी सून त्यांनी आजवर कोणत्याच पुस्तकात वाचली नव्हती. ती काबऱ्यांच्या समोर चहाचा कप घेऊन उभी होती आणि त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या जागी रडणारी, बेशुद्ध पडणारी, सगळ्या पुस्तकांत असते तीच बाई लिहून टाकली.

घरी पार्बताबाईंनी आधी वांग्यांचा ढीग पाहिला आणि मग सगळी हकिकत ऐकली. त्या पंचफुलाबाईंवर खूश झाल्या. अशी असते बाई, म्हणाल्या, आणि चांगलं झणझणीत भरीत केलं.

निकालाच्या बैठकीआधी शेषरावांनी बाजूला टाकलेली पुस्तकं पुन्हा उघडली. त्यात खामगावच्या रागिणी वाकोडे यांचं एक पातळसं पुस्तक होतं, 'घरातले आवाज'. पहिल्या वाचनात ते त्यांना पुळचट वाटलं होतं, कारण त्यात भुतं फारशी टिकतच नव्हती. लेखिका एखाद्या झपाटलेल्या म्हणवल्या जाणाऱ्या घरात राहायला जायची, सगळ्यांशी बोलायची, घरच्या सुनांशी आणि मोलकरणींशीही, आणि बहुतेक ठिकाणी तिला काहीतरी सापडायचं. पत्र्याखालची घार, जुन्या नळातली हवा, मुलाच्या आठवणीनं झोप उडालेली आई. कुणाचीही टवाळी नाही. आणि एका घरातल्या पावलांच्या आवाजाबद्दल तिनं लिहिलं होतं की मी पुन्हा पुन्हा गेले, ऐकलं, शोधलं, आणि मला कळलं नाही. त्या ओळीवर शेषराव थांबले. त्यांनी बाही वर करून पाहिली. केस उभे होते.

तरी आता त्यांना तपासल्याशिवाय राहवेना. पुस्तकातल्या एका घरमालकाचा नंबर देवरावांनी कुठून तरी मिळवला आणि शेषरावांनी फोन लावला. तो म्हणाला, ताई आल्या होत्या, राहिल्या होत्या, लिहिलंय ते सगळं खरं आहे, फक्त माझं आडनाव चुकवलंय. बैठकीत दोन्ही परीक्षकांचं एकमत व्हायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही. मानणारा आणि न मानणारी एकाच पुस्तकावर येतील असं देवरावांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्यांनी पुन्हा विचारून खात्री करून घेतली.

पुरस्काराच्या दिवशी राजापेठेतलं वाचनालयाचं सभागृह गच्च भरलं होतं. कपाटातल्या सगळ्याच लेखकांना बोलावणं गेलं होतं, आणि ओमप्रकाश काबरा पहिल्या रांगेत बसले होते. अजून गोरे, अजून खांद्याला झोळी, केस मात्र पांढरे झालेले. गीतांजली मॅडमनी बोलावल्यामुळे पंचफुलाबाईही आल्या होत्या, शेजारच्या दोघींना घेऊन. मागे खिडकीपाशी बसल्या होत्या.

शेषराव कोट घालून उभे राहिले. त्यांनी आधी सांगून टाकलं की भुतांवर माझा विश्वास कालही होता आणि आजही आहे. म्हणूनच लिहिणाऱ्यानं जपून लिहिलं पाहिजे. आपल्याला एखाद्या गोष्टीची खरी ओढ असेल तर आपण तिची आणखी नीट चौकशी करतो, कमी नाही. मग त्यांनी नारळाच्या बनाचा किस्सा सांगितला, सभागृह हसलं. मग 'करंजखेड्याची हाक'बद्दल बोलले. या पुस्तकानं मला आयुष्यभर आनंद दिला, म्हणाले, पण ते मी पुरस्कारातून बाहेर काढलं, कारण त्यातली मेलेली बाई जिवंत आहे.

काबरा उठले. ते चिडले नव्हते, दुखावले होते. म्हणाले, मी गावातल्या लोकांकडून ऐकून लिहिलं. चार जणांनी सांगितलं की सून गेली. आणि वाचकांना असंच आवडतं, माझ्या पुस्तकाच्या आवृत्त्या बघा.

तेव्हा खिडकीपाशी पंचफुलाबाई उभ्या राहिल्या. त्यांनी आवाज चढवला नाही, त्यांना चढवायची गरजही नव्हती.

"भाऊ, मी माहेरी गेलती तवा. पहिल्या दिवाळसनाले. सून गेली म्हंजे माहेरी गेली. तुमी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी निघाली, तुमी गावातच विचारत फिरत होते. चहात साखर कमी हाय म्हनून तुमी मांगून घेतली होती, ते बी माह्याच हातून."

सभागृहात असा हशा उसळला की बाहेर रस्त्यावरून जाणारे थांबून आत डोकावले. काबऱ्यांनी डोक्याला हात लावला. शेषरावांना धाकधूक वाटली की हा माणूस आता उठून निघून जाईल. पण काबरा हळूहळू स्वतःच हसायला लागले. झोळी सावरत ते रांगांमधून मागे गेले, पंचफुलाबाईंपुढे हात जोडले, आणि म्हणाले, "बाई, तुम्हाला विचारायचं राहून गेलं. आता सांगाल?"

पुरस्कार रागिणी वाकोड्यांना दिला गेला. त्यांनी दोनच वाक्यांत आभार मानले, त्यातलं एक त्या घरमालकाच्या चुकलेल्या आडनावाबद्दलचं होतं. पण चहाच्या वेळी खरी गर्दी खिडकीपाशीच होती. पंचफुलाबाई सांगत होत्या, काबरा लिहीत होते, मॅडम मधूनच प्रश्न विचारत होत्या. शिव्या नेमक्या कोणत्या दिल्या तिथे येऊन गाडी अडली. बाईंनी आजूबाजूला पाहिलं, काबऱ्यांना जवळ बोलावलं आणि कानात सांगितलं. काबऱ्यांचे कान लाल झाले. हे छापता येणार नाही, असं ते म्हणाले. बाई म्हणाल्या, मग फुल्या टाका, आमच्याकडल्या लोकाईले समजते.

पुस्तकाची नवी आवृत्ती उन्हाळ्यात आली. मुखपृष्ठावरचं 'सर्व घटना सत्य' काढून तिथे 'ऐकलेल्या आणि काही तपासलेल्या घटना' असं घातलं होतं, आणि सातवं प्रकरण पूर्ण नवं होतं, फुल्यांसकट. काबऱ्यांनी एक प्रत शेषरावांना कुरियरनं पाठवली. शेषरावांनी ती पेन्सिल हातात घेऊन वाचली, दुपारभर. मग त्यांनी काबऱ्यांना फोन लावला. सातवं प्रकरण फार छान झालंय, म्हणाले, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण चौथ्या प्रकरणातल्या त्या बैठ्या घराला जिना कुठून आला? काबरा पलीकडे पुस्तकाची पानं उलटायला लागले. शेषराव खुर्चीत नीट बसले आणि म्हणाले की काही घाई नाही, आपण दोघंच एकदा जाऊन बघून येऊ, मंगळवारी मी मोकळाच आहे.